खण बांधलेली दुर्बीण

मित्रांनो, लांबून पाहाल तर तुम्ही मला धान्याची कोठी समजाल. खुशाल समजा. माझी नळी ज्याने ठोकली, त्या पत्रेवाल्यानेसुद्धा विचारलं होतं, "अमृतआप्पा, ह्याच्यात ज्वारी किती पोते बसंल?" पण माझ्यात आजवर ज्वारीचा एक दाणा पडलेला नाही. मी दुर्बीण आहे, आता जुनी झालेली. वय बावीस वर्षं, मुक्काम जळकोटच्या अलीकडे, मलप्पाच्या आखाड्यावर. आखाडा म्हटल्यावर लगेच दंड थोपटू नका. आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात.

माझा जन्म लातूरचा. तिथे अमृतरावांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर ते लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत, आणि संध्याकाळी शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत माझा आरसा घासत. पाण्याने भरलेल्या पिंपावर एक जाड काच, तिच्यावर दुसरी काच, मध्ये ओली पूड, आणि पिंपाभोवती फेऱ्या मारत घासत राहायचं. असे तब्बल आठ महिने! शेजारचे दुकानदार म्हणत, "अमृतआप्पाला येड लागलंय. घाण्याच्या बैलावाणी फिरून राहिलेत." अमृतराव नुसते हसत. त्यांची लेक अक्षरा तेव्हा दुसरीत होती. ती तिथेच पोत्यावर बसून पाढे म्हणायची आणि मध्येच विचारायची, "आप्पा, झाला का आरसा?" ते म्हणत, "झालाच की. केसाच्या हजाराव्या भागाएवढा राहिलाय." मला कुठल्या कारखान्याने घडवलेलं नाही, एका माणसाच्या तळहातांनी घडवलंय. याचा मला गर्व आहे. असला तर असला!

मग आमचे सुखाचे दिवस आले. शनिवारी दुकान लवकर बंद करून अमृतराव मला जीपमध्ये गादीवर निजवत आणि कुठल्या ना कुठल्या शाळेत नेत. जळकोट झालं, शिरूर अनंतपाळ झालं, एकदा तर पार बिलोलीपर्यंत गेलो. पटांगणात ही रांग लागायची. बिलोलीच्या एका गुरुजींनी शनीची कडी पाहिली, पण त्यांचा काही विश्वास बसेना. आत चित्र चिकटवलंय की काय, म्हणून त्यांनी माझ्या नळीत कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. गुदगुल्यांनी माझा जीव जायची वेळ आली. गंगम्मा नावाच्या एका म्हातारीने चंद्र पाहिला आणि ती ओरडलीच, "अगं बया, हितं बी खड्डेच हायत की! मला वाटलं आमच्याच रस्त्याला हायत."

त्या दिवसांत मी माणसांना डोळ्यांवरून ओळखायचे. पोरांच्या पापण्या माझ्या भिंगाला घासायच्या, बायकांचं काजळ लागायचं. कुणी श्वास रोखून धरायचं, तर कुणी असे उसासे टाकायचं की भिंग पुसून घ्यावं लागायचं. रांग संपली की सगळ्यांत शेवटी अमृतराव स्वतः डोळा लावत. तो डोळा टेकला की मला घरी आल्यासारखं वाटायचं. आता आठवलं तरी मन भरून येतं.

अशाच एका थंडीत आम्ही मलप्पाच्या शेतात मुक्कामाला होतो. मलप्पा हे अमृतरावांचं जुनं गिऱ्हाईक, आणि त्याच्या शेतात अंधार झकास. त्या रात्री अमृतराव मला कृत्तिका आणि रोहिणी यांच्यामधून फिरवत होते. कृत्तिका म्हणजे बारीक चांदण्यांचा तो झुबका, आणि तिच्या मागून येणारी तांबूस, ठळक चांदणी म्हणजे रोहिणी. दोघींच्या मध्ये काही ठिकाणी चांदण्या एकदम नाहीशाच होतात. मलप्पाने डोळा लावला आणि म्हणाला, "आप्पा, हितं तर कायबी न्हाई. मोकळंच हाय."

"मोकळं न्हाई मलप्पा," अमृतराव म्हणाले. "तिथं धुळीचा काळा ढग हाय. मागच्या चांदण्या त्यानं झाकून टाकल्यात. अन् त्याच्या पोटात नव्या चांदण्या तयार होऊन राहिल्यात."

मलप्पाने टाचेने पायाखालचं ढेकूळ फोडलं. "मंग आमच्या जमिनीवाणीच म्हणा की. वरून काळं, अन् पोटात पीक."

शास्त्रातले लोक त्या ढगाला कृष्ण तेजोमेघ म्हणतात. मला मलप्पाचंच बोलणं पटलं. पण मित्रांनो, असा ढग नुसत्या डोळ्याने नीट दिसत नाही, माझ्यातूनसुद्धा नाही. त्याचे अंधाऱ्या रात्री शेकडो फोटो घ्यायचे, ते एकावर एक चढवायचे, तेव्हा कुठे त्याची कड उमटते. "एकदा तरी हा ढग नीट बघायचा," असं अमृतरावांनी त्याच रात्री ठरवलं. पण दुकान होतं, लेकीचं शिक्षण होतं. करू करू म्हणता वर्षं निघून गेली.

आणि मग त्यांचे डोळेच बिघडले. काचबिंदू झाला. जन्मभर गावाचे नंबर काढले, पण स्वतःचा डोळा कधी कुणाला दाखवला नाही. काचबिंदूत नजर कडेकडेने जाते आणि मधली तेवढी उरते. अमृतराव दाराच्या चौकटीला धडकू लागले, अंधारात तर पाऊल टाकता येईना. दुकान बंद झालं, शनिवारची जीप बंद झाली, आणि मी मलप्पाच्या आखाड्यावर कोपऱ्यात पडले. दोन पावसाळे गांधीलमाश्यांनी माझ्या नळीत संसार थाटला. मलप्पाची बायको लक्ष्मम्मा माझ्या अंगावर ओली पोती वाळत घालायची. मी म्हटलं, घाल बाई, तेवढाच उपयोग.

अक्षरा शिकून लातूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागली होती. एके दिवशी ती आली, माश्यांचं घर काढलं, आणि माझ्या नळीवर हात ठेवला. मग तिने काम काढलं. आखाड्याजवळ पत्र्याची खोली बांधली आणि लोखंडी गेटची चाकं लावून छप्पर सरकतं केलं. मला मोटारी बसवल्या, शेजारी संगणक ठेवला, आणि जिथे माणसांचा डोळा लागायचा तिथे कॅमेरा जोडला. ती लातुरात घरी बसून बटण दाबायची, की इकडे छप्पर आपसूक सरकायचं आणि मी मान वळवायचे. आहे की नाही गंमत? पण मला विचाराल तर ती कसली गंमत! मी आकाश बघणार, कॅमेरा माझ्यातून बघणार, आणि माणसं तिकडे ऐंशी-नव्वद किलोमीटरवर चहा पीत बसणार. चार वर्षं माझ्याजवळ एका माणसाचा डोळा आला नाही.

तरी मी काम चोख केलं, कारण ते कुणासाठी आहे हे मला ठाऊक होतं. या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की अमृतरावांच्या डोळ्यांतला दाब वाढलाय, ऑपरेशन करावंच लागेल. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती राहिली तर राहील, आणि तीही राहीलच असा भरवसा नाही. सोमवारची तारीख ठरली. अक्षराने एकच ध्यास घेतला की ऑपरेशनच्या आधी आप्पांनी तो काळा ढग बघायचा. बारा तासांचे फोटो जमले होते, आणखी सात-आठ तासांचे हवे होते. आदल्या आठवड्यातली गुरुवारची रात्र अमावस्येची होती. तेवढी एक रात्र मिळाली की काम झालं.

पण ती अमावस्या साधी नव्हती, येळवस होती! लातूरकडचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. इतरांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे घरंच्या घरं शेतात लोटतात. कडब्याची खोपटासारखी कोप उभारून आत लक्ष्मीची पूजा मांडायची, सगळ्या भाज्यांची एकत्र शिजवलेली भज्जी आणि ताकातली अंबील पोटाला तडस लागेपर्यंत खायची-प्यायची, आणि दिवस मावळला की कडब्याचा हेंडगा, म्हणजे मोठा टेंभा, पेटवून शेताला फेरी घालायची. पीक राखायची ती रीत आहे.

दुपारी अक्षराचा फोन आला. मलप्पा फोनवर बोलतो ते साऱ्या शिवाराला ऐकू येतं, आणि समोरच्याचंही तो मोठ्यानेच ऐकतो.

"मलप्पाकाका, आम्हाला येळवशीला येणं व्हईना. आप्पांचा डोळा कालपासून लई दुखायलाय. पण रात्री आठला छप्पर उघडंल. तेवढा हेंडग्याचा धूर दुर्बिणीला लागू देऊ नका."

"तुम्ही काळजीच करू नका बाई. धुराचा वास बी लागू देत न्हाई."

आणि बोलल्याप्रमाणे त्याने माझं जुनं ॲल्युमिनियमचं झाकण शोधून माझ्या तोंडावर गच्च बसवलं. फेरी झाली की काढू, असा त्याचा बेत होता. बेत चांगलाच होता. पण पूजेचं ताट घेऊन लक्ष्मम्मा आली. कोपीतल्या लक्ष्मीला खण वाहिला, विहिरीवरच्या मोटारीला हळदकुंकू लावलं, आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. "हिनं काय पाप केलंय? आपल्याच रानात उभी असती, खात न्हाई, पीत न्हाई," असं म्हणत तिने मलाही कुंकू लावलं आणि एक नवा कोरा हिरवा खण झाकणावरून घेऊन माझ्या तोंडाला दोऱ्याने बांधला. खोटं कशाला बोलू? मी सुखावले. म्हटलं, चार वर्षांत कुणी तरी विचारलं आपल्याला.

अंधार पडला. हेंडगे पेटले, शिवारभर आरोळ्या उठल्या, ठिणग्या उडाल्या आणि विझल्या. जेवणं झाली. बरोबर आठला माझं छप्पर सरकलं, तसा मलप्पा लगबगीने आला आणि त्याने दोऱ्याच्या गाठीला हात घातला.

"आँ! काय करून राहिलात?" मागून लक्ष्मम्मा कडाडली.

"झाकण काढतो. बाईंला फोटो काढायचाय."

"पुजेचा खण रातीला सोडत असत्यात का? सकाळी निवद दाखवून सोडायचा असतो. वर्षाचा सण हाय, इपरीत काय झालं मंजी?"

मलप्पाचा हात गाठीवरच थांबला. "पर फोटो..."

"कशाचा फोटो हाय तो?"

"काळ्या ढगाचा. काळोखाचाच की."

"मंग झालं तर! काळोखाचा फोटो काढायला झाकण असलं काय अन् नसलं काय? काळं ते काळंच."

मलप्पाने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "हाव, ते बी खरंच की," असं म्हणून तो गेला. पोटात दोन तांबे अंबील गेलेली. अंगावर घोंगडी ओढताच त्याला झोप लागली.

अरे बाबांनो, मी किती आकांत केला असेल! पण मला तोंड असून आवाज नाही, आणि त्या तोंडाला तर झाकण. माथ्यावर निरभ्र आकाश, कृत्तिका डोक्यावर आलेली, मी तिच्यामागे इमानाने वळतेय, कॅमेरा दर दोन मिनिटांनी फोटो घेतोय, आणि दिसत कुणालाच काही नाही. तिकडे अक्षराने आठ वाजता बटण दाबलं आणि तेवढ्यात अमृतरावांचा डोळा असह्य ठणकू लागला. ती त्यांना घेऊन दवाखान्यात गेली आणि रात्रभर तिथेच होती. फोटोंकडे बघायला तिला उसंतच मिळाली नाही.

सकाळी फोन वाजला. "काका, रात्री आभाळ आलं होतं का?"

"न्हाई बाई. चांदण्या नुसत्या लाह्या उधळल्यावाणी होत्या."

"मंग सगळे फोटो काळे कसे? झाकण... झाकण काढलं होतं ना?"

मलप्पा खोटं बोलणारा माणूस नाही. त्याने घडलं ते सगळं सांगितलं. अक्षरा रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडायला लागली. "काका, सोमवारी ऑपरेशन हाय हो. अशी रात्र आता कुठून आणू मी?" लक्ष्मम्माने नवऱ्याच्या हातून फोन ओढून घेतला. "पोरी, त्यांना बोलू नगं. चूक माझी हाय. करायला गेले पुजा अन् घात झाला." मग फोन परत दिला. तिने माझा खण सोडला, झाकण काढलं आणि माझ्याकडे न बघताच निघून गेली.

दुपारी पुन्हा फोन आला, तेव्हा अक्षराचा आवाज बदललेला होता. "काका, ते काळे फोटो कामाला आले!" झालं होतं असं, की कॅमेऱ्याच्या अंगात काही खोटे ठिपके असतात, ते प्रत्येक फोटोत चांदण्यांसारखे उमटतात. खोटे कोणते आणि खरे कोणते हे ओळखायला तशाच थंडीत, तेवढ्याच वेळाचे, झाकण लावून फोटो घ्यावे लागतात आणि ते वजा करावे लागतात. अक्षराला हे ठाऊक होतं, पण लातुरात बसून माझं झाकण लावणार कोण? म्हणून चार वर्षं ते राहूनच गेलं होतं. आता बारा तासांचे जुने फोटो धुतल्यासारखे स्वच्छ झाले होते. पण ढगाची कड अजून उमटत नव्हती. हातात दोन रात्री होत्या.

त्या दोन रात्री मलप्पा झोपला नाही. शेजारच्या सगळ्या आखाड्यांवर जाऊन तो बल्ब बंद करून आला. "एका माणसाच्या डोळ्याचा सवाल हाय," एवढंच सांगायचा. शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत ढग होते, मग फाटले. शनिवारी आकाश मोकळं मिळालं. लक्ष्मम्मा मधूनमधून येऊन माझ्या तोंडाकडे बघून जायची, झाकण नाही ना याची खात्री करायला. पहाटे अक्षराने कळवलं, "जमलं, काका."

मोबाईलच्या उजेडाने अमृतरावांचा डोळा दुखायचा, म्हणून अक्षराने फोटोचा फ्लेक्सच छापून घेतला, चांगला आठ फुटी. फ्लेक्सवाला म्हणाला, "ताई, वाढदिवस कुणाचा? साहेबांचा फोटो कुठं टाकायचा?" वाढदिवस नाही म्हटल्यावर म्हणाला, "मंग हे जळाल्यावाणी काय छापायलाव?"

रविवारी दुपारी माझ्या खोलीसमोर दोन बांबू रोवून तो फ्लेक्स ताणला. अमृतराव लेकीच्या खांद्याला धरून आले. किती वाळले होते! आधी ते माझ्याकडे आले, नळीवरून हात फिरवला, कुंकवाचा डाग बोटांनी चाचपला आणि हसले. मग उन्हात फ्लेक्ससमोर उभे राहिले.

बाकीच्यांनी तो फोटो एका नजरेत पाहून टाकला. तांबूस-पिवळ्या चांदण्यांच्या गर्दीतून आडवी गेलेली काळी वाट, झालं. अमृतरावांना एका वेळी वीतभरच दिसायचं. ते डाव्या कडेपासून नाक लावून बघत निघाले, वीत वीत करत, वरून खाली, पुन्हा वरून खाली. लक्ष्मम्माने खुर्ची आणली, ते बसले नाहीत. तास गेला असेल. फ्लेक्सच्या मधोमध, अगदी गच्च काळ्यात, ते थांबले.

"अक्षरा, हा मोहरीएवढा लाल ठिपका कसला?"

"चुकीचा असंल आप्पा. कॅमेऱ्याचा राहिला असंल एखादा."

"चुकीचे तर तू झाकणाच्या फोटोंनी वजा केलेस ना? मंग हा का राहिला?"

अक्षराने मोबाईलवर आकाशाचा नकाशा काढला. बराच वेळ ती खाली मान घालून बघत होती. मग हळूच म्हणाली, "आप्पा, खरी हाय ती. ढगाच्या आत तयार होऊन राहिलेली नवी चांदणी. नकाशात आधीपासून हाय. मलाच दिसली न्हाई."

"नकाशात असू दे," अमृतराव म्हणाले. "मला आज दिसली."

मलप्पाने पटक्याने डोळे पुसले. अमृतराव त्या ठिपक्यावर बोट ठेवून उभे होते.

संध्याकाळी त्यांनी अक्षराला कॅमेरा काढायला लावला. माझं जुनं डोळ्याचं भिंग तिने जपून ठेवलं होतं, ते बसवलं. मला रोहिणीकडे वळवलं, आणि सहा-सात वर्षांनी अमृतरावांचा डोळा माझ्यावर टेकला. पापणी भिंगाला घासली. माझ्या आरशात होता नव्हता तेवढा सगळा उजेड मी त्या एका डोळ्यापाशी आणला. "हाय," ते म्हणाले. "हाय, हाय. दिसायलीय." भिंग ओलं झालं, पण त्यांनी ते पुसू दिलं नाही.

ऑपरेशन झालं. उजवा डोळा गेला. डाव्यात उजेड कळतो, माणूस हलला तर कळतो, पण चांदणी नाही.

आता महिन्यातल्या दोन शनिवारी अक्षरा माझा कॅमेरा काढून ठेवते आणि शाळेतली मुलं येतात. पुन्हा रांग लागते, पुन्हा पापण्या घासतात. अमृतराव रांगेच्या शेवटी खुर्चीवर बसलेले असतात आणि बघून आलेल्या प्रत्येकाला विचारतात, "काय दिसलं रे?"

तेव्हा मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसांचे डोळे वेळेत तपासून घ्या, ते नको म्हणाले तरी. रात्री गरज नसलेला दिवा मालवा. आणि कधी आमच्याकडे आलात, तर बघून झाल्यावर लगेच पळू नका. खुर्चीवरच्या आजोबांना "चांदण्या दिसल्या" असं दोन शब्दांत सांगून टाकू नका. कोणत्या रंगाची होती, शेजारी कोण होतं, मध्ये काळं कुठवर होतं, सगळं सांगा. ते डोळे मिटून ऐकतात, आणि मध्येच म्हणतात, "थांब, थांब. जरा सावकाश."